अस्सल वऱ्हाडी घर

चिखलदऱ्याच्या रस्त्यावर होमस्टे काढणाऱ्या कंपनीच्या साहेबाला देवमनचं घर एका नजरेत आवडलं. सारवलेली ओसरी, मागं चूल, आंगणात निंब. रंगरंगोटीपासून बुकिंगपर्यंत सगळं कंपनीच करणार होती.

"आंगणात एक तुळशीवृंदावन बसवू. अस्सल वऱ्हाडी घर वाटलं पाहिजे," साहेब म्हणाला. "आणि ओसरीवरचे ते दोन फोटो तेवढे आत ठेवा. पाहुणे काय, कोणीही असतात."

देवमननं बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो उतरवला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि आत नेऊन कोठीवर ठेवला.

"पाहुणे गेले का लावू परत," तो बायकोला म्हणाला.

"जयंतीच्या आंधी लावजा," इंदूबाई म्हणाली.

पाहुणे गेले, पण त्याच संध्याकाळी दुसरे आले. मग तिसरे. एप्रिलात शनिवार, रविवार, सोमवार असं सलग बुकिंग लागलं.

सोमवारी सकाळी गावातून बँडचा आवाज येत होता. पुण्याची पाहुणी ओसरीवर चहा पीत बसली होती. इंदूबाई तुळशीला पाणी घालत होती. झाड आहे, वाळून जाईल म्हणून.

"काकू, तीन दिवस जोडून मिळाले म्हणून येता आलं हो," पाहुणी म्हणाली. "पण आज सुट्टी कसली आहे, काही लक्षातच येईना."

इंदूबाईचा हात सवयीनं ओसरीच्या भिंतीकडं गेला.

तिथं, त्याच दोन खिळ्यांवर, कंपनीनं रंगवून आणलेली सुपं लटकत होती.