सापडलेली एकच केस

“चारपर्यंत सांगा,” डॉक्टर वेणुगोपाल म्हणाले. “दुसरा डोस द्यायचा की नाही. नंतर उशीर होईल. आणि एकदा सुरू केलं की मागे फिरता येत नाही, हेही लक्षात असू द्या.”

निवेदिताने घड्याळ बघितलं. पावणेदोन.

तिची आई इंदिराबाई अडीच महिने या आजाराने बेजार होती. रक्तवाहिन्यांना सूज, अंगभर जांभळी पुरळ; पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी फोटोही काढून घेतले होते. पहिल्या डोसने पुरळ उतरली, पण हृदयाचे ठोके बिघडले आणि डॉक्टर थांबले. आता पुरळ परतली होती, किडन्या थकल्या होत्या. दुसरा डोस दिला तर आई बरी होईल, नाहीतर हृदयच बंद पडेल. नाही दिला, तर आठवडा. फार तर दोन.

“असा दुसरा डोस घेऊन कुणी जगलंय का, डॉक्टर?”

“मी शब्द देणार नाही. तुम्ही याच कामात आहात ना? शोधा.”

होतीच ती याच कामात. एखाद्या औषधावर जगभरात जे काही छापलं गेलं ते हुडकून काढायचं, चाळायचं, आणि त्यातून खरंच काय हाती लागतं ते सांगायचं, हेच ती मल्लेश्वरमच्या एका संशोधन संस्थेत बारा वर्षं करत होती. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी दम द्यायची, “नुसता सारांश वाचून निर्णय घ्याल तर याद राखा. पूर्ण लेख हातात आल्याशिवाय काही ठरवायचं नाही.” पाठीमागे तिला सगळे हेडमास्तरीण म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं तर आवडतही होतं.

वॉर्डाबाहेरच्या खुर्चीत तिने लॅपटॉप उघडला. समोर धाकटा भाऊ शरच्चंद्र येरझाऱ्या घालत होता. भांड्यांचं दुकान बंद ठेवून तो सकाळपासून इथेच होता.

“अक्का, मिळालं काही?”

“स्वल्प थांब रे. बस आधी एका जागी.”

औषधाचं नाव, कंपन्यांनी त्याला दिलेली नावं, आजाराची जुनी नावं, नवी नावं. चारशे बारा लेख निघाले. शीर्षकं वाचून बहुतेक गळाले, उरले बत्तीस. त्या बत्तिसांत ठोके बिघडल्यावर दुसरा डोस दिलेला एकही रुग्ण नव्हता. सगळ्यांनी तिथंच हात आखडता घेतला होता.

पावणेतीन.

मग तिने ती बारीकसारीक मासिकं उपसायला घेतली, ज्यांच्याकडे एरवी ती नाक मुरडायची. आणि तिथे सापडली. एकाच रुग्णाची हकीकत, चार दिवसांपूर्वी छापलेली, म्हणून मोठ्या संग्रहांत अजून आलेली नव्हती. लेखकाचं नाव अनोळखी, पुढे ‘आणि इतर’. उघडा होता तो फक्त सारांश.

तिने तो शरच्चंद्रला वाचून दाखवला. साठी ओलांडलेली स्त्री. पहिल्या डोसनंतर ठोके बिघडले. तरीही दुसरा डोस दिला. सहा आठवड्यांत पूर्ण बरी.

“अक्का, सगळं जुळतंय गं!” त्याचे डोळे भरून आले.

तिने ऑफिसात हेमलताला फोन लावला. “पूर्ण लेख हवाय. आत्ताच्या आत्ता.”

“अगं, या जर्नलचं सबस्क्रिप्शन नाहीये आपल्याकडे,” मूळची पुण्याची हेमलता म्हणाली. “ऑथरला मेल टाकते, एडिटरला पण टाकते. पण चारच्या आत? कठीण आहे.”

साडेतीन वाजले. लेख नाही. निवेदिता शरच्चंद्रला घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि फोन त्यांच्यासमोर धरला.

“छापून आला?” त्यांनी विचारलं. फोन हातात न घेताच त्यांनी मान हलवली. “मग आता तुम्हीच ठरवा. पुरावा तर तुम्हीच आणलात.”

“पूर्ण लेख अजून मिळालेला नाही,” ती म्हणाली.

“चारपर्यंत मिळेल?”

तिने मेल पुन्हा एकदा उघडून बघितला. शरच्चंद्र तिच्याकडे बघत होता. “तू म्हणशील तसं, अक्का. मला यातलं काय कळतं?”

तिला आपला नियम आठवला आणि त्याचा रागच आला. आई हातची गेली तर ते नियम काय चाटायचेत? तिने सही केली.

चारला बाटली टांगली गेली. नर्स थेंबांचा वेग ठरवून गेली. निवेदिता आईच्या उशाशी बसली.

“निवू,” इंदिराबाई पुटपुटल्या, “हे औषध कुणाला लागू पडलंय का गं?”

“हो आई. एक बाई अगदी ठणठणीत झाली.”

“कोण गं?”

“नाव नाही छापत.”

“असू दे. सुखी राहो बिचारी.” आईने डोळे मिटले.

निवेदिताचा जीव पहिल्यांदाच जरा भांड्यात पडला. ठोक्यांचं यंत्र संथ चाललं होतं. शरच्चंद्र कॉफी आणायला गेला. निम्मी बाटली संपली तेव्हा फोन वाजला. हेमलताचा मेसेज होता, सोबत लेख. ‘मिळाला गं! एडिटरनेच पाठवला.’

निवेदिताने लेख उघडला. पहिलं पान, नावंबिवं, तिने तसंच सरकवलं. तिला एवढंच बघायचं होतं की त्या बाईला उतार पडायला किती दिवस लागले.

दुसऱ्या पानावर फोटो होता. खाली लिहिलं होतं, ‘रुग्णाचा उजवा हात, उपचारांपूर्वी. दुसऱ्या डोसनंतर रुग्ण पूर्ण बरी.’ हातावर जांभळी पुरळ होती, मनगटात आईच्या बांगड्या होत्या, आणि तो हात फोटोसाठी उचलून धरलेली बोटं निवेदिताची स्वतःची होती.