वीस किलोची प्लेट

“मी प्लेटा चढवत असेन तेव्हा पाठ फिरवून उभं राहायचं. आकडा एकदा डोळ्यात गेला की खांद्यावर येऊन बसतो.”

वेटलिफ्टिंगच्या सरांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि अकरा वर्षं तिने ते नेमासारखं पाळलं होतं. बारवर किती वजन आहे, तर सर सांगतील तेवढं. आज मात्र ती भंगारवाल्याच्या दुकानात उभी होती. सरांच्या कुलपबंद कपाटातली वीस किलोची प्लेट तिने खेळाच्या पिशवीतून काढून काट्यावर ठेवली होती. सर उद्याच्या निवड चाचणीची कागदपत्रं द्यायला गेले होते आणि कपाटाची चावी टेबलावर राहिली होती.

“विकायचीय की नुसती मोजायचीय?” भंगारवाल्या काकांनी विचारलं. “नुसतं मोजायचं तर आधी माझा नंबर. घरी पोटावरून रोज ऐकून घेतोय.”

ती हसली नाही. नुसती मोजा, म्हणाली.

पाच महिन्यांपूर्वी ऐंशी किलो डोक्यावर नेताना तिचं कोपर निखळलं होतं. बरं होऊन ती परत आली आणि तिसऱ्याच आठवड्यात सरांनी पुन्हा ऐंशी लावले. ते अगदी अलगद वर गेले. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती, पण आनंदात माणूस पालीचं कुठे ऐकतो. मग तेच ऐंशी जड व्हायला लागले. दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे. बार तोच, प्लेटा त्याच, जेवणखाण आणि झोपही तीच. सरांना विचारलं तर ते म्हणायचे, ऐंशी म्हणजे ऐंशी, त्यात काय विचारायचं. असं म्हणताना ते तिच्याकडे न बघता घड्याळाकडे बघायचे. बाकीच्या प्लेटा हॉलभर लोळत असायच्या, कुलपात फक्त ही जोडी. कुठेतरी पाणी मुरत होतं.

एक तर लोखंड खोटं होतं, नाहीतर कोपर. लोखंडच खोटं निघावं, वीसची प्लेट बावीस भरावी, असं तिला मनापासून वाटत होतं. कोपर गेलं असेल तर तिशीला टेकलेल्या बाईला उद्यानंतर कोणी चाचणीला बोलावणार नव्हतं.

काटा थरथरला आणि थांबला. वीस.

काट्यात खोट तर नाही, असं तिने हळूच विचारलं. काकांनी स्वतःचं वीसचं माप ठेवून दाखवलं. काटा तिथेच आला. “माझा काटा खोटा असता तर मी एव्हाना बंगल्यात राहत असतो,” ते म्हणाले.

ती रद्दीच्या गठ्ठ्यावर बसली. डावं कोपर उजव्या तळव्यात धरलं. मग तिने फोन काढला.

कोणाला लावतेस, असं काकांनी विचारलं. सरांना, ती म्हणाली. उद्याच्या यादीतून नाव काढून घ्या म्हणून सांगते. सगळ्यांसमोर पडण्यापेक्षा ते बरं.

काकांनी फोनवर हात ठेवला. दुकानाच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग प्लेट उलटी केली. मागच्या बाजूला पत्र्याची चकती होती, चार स्क्रूंनी बसवलेली, वरून ताजा काळा रंग. सर प्लेट लावायचे ती ही बाजू आत करून.

“यात काय भरलंय?” तिचा आवाज खाली आला होता.

शिसं, काका म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. ती परत आली त्या आठवड्यात सरांनी शेजारच्या लेथ मशीनवर दोन्ही प्लेटा आतून कोरून घेतल्या होत्या. वीसच्या सतरा. मग दर पंधरवड्याला ते यायचे, प्रत्येकीत अर्धा किलो शिसं ओतून न्यायचे, याच काट्यावर मोजून. अशा सहा खेपा झाल्या. पोरगी ऐंशीला भ्यायलीय, तिला भीतीवर हळूहळू चढवतोय, असं म्हणायचे. कोणाला सांगणार नाही असा शब्दही घेतला होता.

“तुझा हात गेला नाही, पोरी. प्लेट परत आली.”

तिने लगेच विश्वास ठेवला नाही. दुसरी प्लेट कुठे मोजली, तिने विचारलं. इथेच, याच काट्यावर. शेवटची खेप कधी झाली? परवा सकाळी. दोन्ही वीस? दोन्ही वीस, मी स्वतः बघितलं. तुम्हाला असं सांगायला सरांनीच सांगितलं नसेल कशावरून? यावर काका म्हणाले, सरांनी सांगितलं असतं, तर मी तुझा फोन कशाला अडवला असता, त्यांच्याशीच बोलू दिलं असतं.

काल संध्याकाळी तिने ऐंशी दोनदा उचलले होते. दुसऱ्या वेळी गुडघे लटपटले होते, पण बार वर थांबला होता.

“मी माझा शब्द मोडला,” काका म्हणाले. “आता निदान तू पाळ. उद्या बार खाली ठेवेपर्यंत तुला यातलं काही माहीत नाही. त्यांना कळलं की तुला कळलंय, तर रात्रभर त्यांचा डोळा लागायचा नाही, आणि उद्या ते तुझ्याकडे बघतील ते त्याच डोळ्यांनी.”

“नाही माहीत,” ती म्हणाली.

काकांनी हातगाडी देऊ केली. ती नको म्हणाली. पिशवीची चेन लावली, पट्टा डाव्या खांद्यावर घेतला आणि रस्त्यावर आली.

समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात सर रांगेत उभे होते, पुढे अजून चार माणसं. त्यांनी तिला पाहिलं, हात वर केला आणि हॉलवर थांब, आलोच, अशी खूण केली. तिनेही मोकळा हात वर केला. मग पिशवीत नुसता टॉवेल असावा तशी, खांदा जराही झुकू न देता, ती हॉलच्या दिशेने चालू लागली.