कुस्तीआधीची चरवी

"आबा, तुम्हाला दूध पचत नाही. तरुणपणापासूनच पचत नसणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हिंदुराव पैलवान खवळले. "काय बोलता, बाई! धारोष्ण दुधाची चरवी रिकामी करूनच मी मैदानात उतरायचो. एकही कुस्ती मिनिटावर गेली नाही. भलेभले मल्ल आभाळ बघायचे!"

"मग फेटा बांधून मिरवायचात?"

"फेटा वस्ताद घ्यायचे. मी पोट धरून थेट उसात पळायचो..."

हिंदुराव थबकले. तालमीतली बाकीची पोरं दूध प्यायची ती कुस्ती झाल्यावर. एकट्या हिंदुरावांच्याच हातात वस्ताद आधी चरवी द्यायचे आणि कानात पुटपुटायचे, "लवकर उरक, लेका!"

"वस्तादाला ठाऊक होतं की!" हसता हसता त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "सोडतो दूध. आता कुठं कुस्त्या राहिल्यात?"