सात गावांचा अहवाल

संस्थेतल्या भरमूनं हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि घोटभर पाणी पिऊन सांगितलं, सातही गावांत आप्पाण्णा सरांना कुणी बघितलेलं नाही.

"शाळेत विचारलास?" सन्मतीनं विचारलं.

"शाळेत विचारलो, पंचायतीत विचारलो, डेअरीत विचारलो. असा माणूस आलाच न्हाय म्हणत्यात, अण्णा."

सन्मतीनं समोरचा चाळीस पानांचा अहवाल पालथा घातला. त्याला राग यायला हवा होता. आला तो शीण.

निपाणीतली ही संस्था तो एकोणीस वर्षं चालवत होता. तंबाखूच्या वखारीतली कामं कमी झाली, तसे तिथल्या बायकांसाठी त्यानं आसपासच्या सात गावांत शिवणवर्ग काढले. मशीनं आली, फलक लागले, फोटो निघाले. बायका मात्र हळूहळू गळत गेल्या. शेवटी मदत देणारी बंगळूरची मंडळी म्हणाली, पुढची तीन वर्षं हवी असतील तर या कार्यक्रमाची आखणी मुळात कशी झाली, ते बाहेरच्या सल्लागाराकडून तपासून घ्या.

तीन अर्ज आले. सन्मतीनं आप्पाण्णांना नेमलं. बेळगावचे निवृत्त प्राध्यापक, वय अडुसष्ट, गुडघे दुखरे, बोलणं हळू. असा माणूस फार खोलात शिरणार नाही असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच त्यानं त्यांना घेतलं. मुलाखतीत सरांनी एकच गोष्ट विचारली, आखणी करताना तुम्ही कुणाकुणाशी बोललात? सन्मतीनं सोळा बैठकांची यादी पुढं केली. सरांनी ती वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली.

मुदत पंधरा दिवसांची होती. ते पंधराही दिवस सन्मती पहिल्या बसनं बेळगावला जायचा, सरकारी कचेरीत मंजुरीसाठी बसायचा आणि दिवेलागणीनंतर परतायचा. जीप सरांसाठी मागं ठेवली होती. ड्रायव्हर आता सांगत होता, सरांनी एकदाही बोलावलं नाही.

आणि तरी अहवालात सगळं होतं. शिवणवर्ग चार वाजता, आणि एका गावात नळाला पाणीही चारलाच. बैठका शाळेच्या पटांगणात झाल्या, पुढं पुरुष बसले, बायका मागं भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांनी मान हलवली ती संमती म्हणून लिहिली गेली. कुठल्या गावात सासूनं मशीनवर जोंधळ्याची पोती रचलीत, हेसुद्धा होतं.

सन्मतीनं सरांना फोन लावला. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. गावांत गेलो नाही हे खरं, म्हणाले, पण लिहिलंय त्यातलं एक अक्षर माझ्या मनाचं नाही. मग हे सांगितलं कुणी, असं सन्मतीनं विचारलं.

"नाव सांगणार न्हाई असा शब्द दिलोय," ते म्हणाले.

फोन ठेवताना सन्मतीच्या डोक्यात नाव येऊन बसलं. रूपाली. शिवण शिकवायला आठवडाभर सातही गावं फिरणारी ती एकटीच. मागच्या महिन्यात तिनं वर्गाची वेळ बदला म्हणून त्याच्याशी वाद घातला होता. त्यानं तो मनावर घेतला नव्हता.

त्या दिवशी तो लवकर घरी गेला. दिवस मावळायच्या आत जेवायची घरची रीत होती आणि कितीतरी दिवसांत त्याला ती साधली नव्हती. बाजारचा दिवस होता. पडवीतल्या तीन-चार बायका पिशव्या उचलून बसला निघाल्या होत्या. बाजारादिवशी त्याच्या बायकोकडं, त्रिशलाकडं, सात गावांतलं कोण ना कोण टेकलेलं असायचंच. तो मान हलवून आत गेला.

त्रिशला भाकरी थापत होती. संस्थेच्या गोष्टी तो घरात काढत नसे. आज त्यानं काढल्या. उद्या रूपालीला कामावरून काढतो, म्हणाला. बंगळूरला कळवतो की सल्लागारानं गावात पाऊल टाकलेलं नाही, हा अहवाल ग्राह्य धरू नका. त्या म्हाताऱ्याला पुन्हा कुठं काम मिळणार नाही, असं बघतो.

त्रिशलाचे हात थांबले, पुन्हा चालू झाले.

"रूपालीचा नवरा आजारी हाय," ती म्हणाली.

"म्हणून काय झालं?"

"असं लिवलंय तरी काय त्यात?"

"तुला काय करायचंय त्येचं?" तो म्हणाला. त्यात राग नव्हता, सवय होती. पण आज त्याला कुणाला तरी पटवून द्यायचं होतं. त्यानं पिशवीतून अहवाल काढला, चष्मा लावला. सरांनी काही बोलणी जशीच्या तशी, बिननावाची दिली होती. त्यातलंच एक त्यानं काढलं. "हे बघ. रूपालीबिगर कोण बोलणार असं? ऐक. 'सहा म्हैन्यांत चौघींनी वर्ग सोडला. अनिच्छा हाय म्हणून न्हाय सोडला.'"

पान संपलं. अंगठा ओला करून तो पुढचं पान सोडवू लागला.

"'तिथं बायकांस्नी जायाला आडोसा न्हाय,'" चुलीकडं तोंड करून त्रिशला म्हणाली. "'सकाळपासनं पाणी न पिता बसाय लागतंय. आखणी करणाऱ्याला ह्ये कधी सुचलं न्हाय, कारण त्येनं घरातसुद्धा कधी कुणाला विचारलं न्हाय.'"

सन्मतीनं पान उलटलं. ओळ तीच होती, शब्दन् शब्द.

"रूपालीला काढू नका," त्रिशला म्हणाली. तिनं तव्यावरची भाकरी परतली. "आणि ते 'अनिच्छा' सरांनी आपल्या पडवीत बसून लिवताना घातलंय. मी आळस म्हणालते."