मागची डावी जागा

"तूच सांग बाई. माझं ते ऐकायचे नाहीत," आई मागे वळून लेकीला पुन्हा कुजबुजली.

बाहेर पेट्रोल पंपावर मास्तर गाडीची पुढची काच पुसत होते. आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या, मग कागदाच्या बोळ्याने. काच लख्ख झाली होती. दोष काचेत नव्हताच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी निघण्यापूर्वीच सांगितलं होतं, आता स्टिअरिंग सोडा. "एवढी एक ट्रिप होऊ द्या," म्हणून मास्तरांनी त्यांना गप्प केलं होतं. मग आईने घाबरून लांब नोकरीला असलेल्या लेकीला रजा काढायला लावली.

देशाच्या दुसऱ्या टोकाचा समुद्र बघून ते घरी परत निघाले होते. लेक लहान असताना दर सुट्टीत करायचे तोच प्रवास, तीच गाडी, तोच पोचे पडलेला थर्मास. आज शेवटचा दिवस. घराआधी शहरातला गर्दीचा रस्ता लागणार होता. त्याच्या नुसत्या विचाराने आईने सकाळचा चहा तसाच ठेवला होता.

लेक मागे डावीकडे बसली होती. ती तिची ठरलेली जागा. इथे बसूनच तिने लहानपणी अर्धा देश पाहिला, आणि बाबांची मान. मान, आणि आरशातला काळा चष्मा. गाडी चालवताना मास्तर बोलत नसत आणि वळून तर मुळीच बघत नसत. ही मागे गाणी म्हणे, रुसे, डबा उघडून चोरून बिस्किटं खाई, पण ती मान काही हलायची नाही. "बाबांच्या मानेवरचा तीळ मला पाठ आहे, बाबाच तेवढे नाहीत," असं ती मैत्रिणींना हसत सांगायची. हसताना आत कुठेतरी दुखायचं. तिला गाडी लागायची. नशीब म्हणायचं, उलटी यायच्या आत दर वेळी गाडी रस्त्याच्या कडेला उभी असे. आई लिंबू हुंगायला द्यायची आणि मास्तर लांब जाऊन उगाच टायर बघत बसायचे.

मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. शहरातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली. कुणी घाईने किल्लीला हात लावला की बोटांवर फटका ठरलेला. "आधी आरसा, मग किल्ली." पोटच्या पोरीला मात्र त्यांनी दुसऱ्याच्या क्लासला घातलं. "मला नाही जमायचं," एवढंच म्हणाले. ती चालवत असलेल्या गाडीत ते आजवर बसलेही नव्हते. आणि अशा माणसाला आता तिने उतरा म्हणायचं.

मास्तर येऊन बसले. गाडी निघाली. थोड्या वेळाने मागून कुणी हॉर्न दिला, तेव्हा त्यांनी सवयीने खिडकीबाहेरच्या आरशात पाहिलं आणि त्याला वाट दिली. मागचं अजून दिसत होतं म्हणायचं. पुढचं दिसेना. वळणावर एक ट्रक बंद पडून उभा होता आणि मास्तरांना तो चालता वाटला. आई ओरडली नाही. तिने फक्त त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. करकचून ब्रेक लागला, थर्मास गडगडत लेकीच्या पायाशी आला. ट्रकची नंबर प्लेट अगदी समोर होती आणि मास्तर डोळे बारीक करून तिच्याकडे बघत होते.

वाटभर जुळवलेली वाक्यं लेकीच्या तोंडातून फुटेनात. एक दिवस बाबांना सगळं सुनवायचं, असं तिने कितीदा ठरवलं होतं. आता त्या सुरकुतलेल्या मानेकडे बघून तिला नुसती माया आली.

मास्तरांनी गाडी हळूच मागे घेऊन कडेला लावली. काळा चष्मा काढून खिशात ठेवला. उतरले, गाडीला वळसा घातला आणि मागचं डावं दार उघडलं.

"उतर," ते म्हणाले. "घरापर्यंत तू ने."

"पुढे बसा ना, मी जाते मागे," आई म्हणाली.

"तू तुझे गुडघे सांभाळ."

ते मागे बसले. आधी ऐसपैस, मग अंग चोरून, क्लासला पहिल्या दिवशी आलेल्या पोरासारखे. लेक स्टिअरिंगपाशी आली. उंचीने ती बापावर गेली होती, त्यामुळे सीट इंचभरही सरकवावी लागली नाही.

"इथून नुसती मानच दिसते की गं," मागून आवाज आला.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. बोलणं वाटलं होतं त्याहून कडू निघालं. तिने किल्लीकडे हात नेला.

"आधी आरसा." आवाज थेट क्लासमधला.

तिने आरशाकडे हात नेला, आणि तो तिथेच राहिला. आरशात मागचा रस्ता नव्हता. मागची काचही नव्हती. होती फक्त मागची डावी जागा, आणि तिच्या बरोब्बर मधोमध, चष्मा नसलेला, ओल्या डोळ्यांचा बाबांचा चेहरा. लहानपणी गाडी दर वेळी वेळेवर कशी थांबायची, ते तिला आत्ता कळलं.

"नीट करून घे तो," मास्तर गडबडीने म्हणाले. "तू नोकरीला गेलीस, तेव्हापासून तसाच राहिलाय."

तिने बाहेरचे दोन आरसे तेवढे लावून घेतले.

"नीटच आहे, बाबा," ती म्हणाली आणि किल्ली फिरवली.