खाटेखालची गोधडी

शेरा खाटेखालून बाहेर येईना. सुनिता गुडघ्यांवर बसून त्याला चुचकारत होती, भाकरीचा तुकडा नाकापुढं धरत होती. तो मात्र भिंतीला पाठ लावून, डोळे गच्च मिटून थरथरत होता. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. हा बिचारा डोळे मिटून नुसता जगत होता.

"लवकर करा, ताई," किसनराव दारातून हळूच म्हणाले. "पोरं येऊन राहिलीत, त्याच्या आधी याला तुमच्या रिक्षात घालून परत न्या. त्यांला माझ्या पायाशी बसलेला शेरा पायजे, फोटोत. हे ध्यान असं बाहेर आलं तर माझी इज्जत राहील का?"

आज किसनरावांचा वाढदिवस. कुरुंद्याच्या चौकापासून त्यांच्या दारापर्यंत बॅनर लागले होते. काळा गॉगल, वर केलेलं बोट आणि खाली भल्यामोठ्या अक्षरांत 'ढाण्या वाघ'. या वाघाची डरकाळी गावात कुणी ऐकली नव्हती, ही गोष्ट वेगळी. ग्रामसभेत ते तोंडच उघडत नसत. पण गावाचा हिशोब सरळ होता: जो बोलत नाही, तो करून दाखवतो. नुसतं गप्प बसून माणसानं एवढा दरारा कमावल्याचं दुसरं उदाहरण वसमत तालुक्यात नसावं.

शेऱ्याचंही तेच झालं. वारंगा फाट्याजवळ सुनिता पत्र्याच्या शेडमध्ये बेवारस कुत्र्यांसाठी निवारा चालवत होती. तिथं त्याचं नाव मुन्ना. हायवेवर एका ट्रकखाली सापडलेलं पिल्लू ते, वर्षाचं झालं तरी स्वतःच्या सावलीला दचकायचं. एका शेतकऱ्यानं त्याला हळदीच्या राखणीला नेलं, तर रानडुकराच्या आधी हाच पळाला. दुसऱ्यानं नेलं, त्यानंही आणून सोडलं. त्या वेळी मुन्नानं अन्नपाणी टाकलं. सुनितानं त्याच्या तोंडात थेंब थेंब दूध सोडून त्याला जगवलं होतं. मग किसनराव आले. इतकी दांडगी कुत्री सोडून त्यांनी कोपऱ्यातला हाच का उचलला, हे कोडं तिला तेव्हाही सुटलं नव्हतं.

किसनरावांनी त्याचं नाव शेरा ठेवलं. शेरा कधी भुंकला नाही, आणि गावानं लगेच अक्कल पाजळली. भुंकणारं कुत्रं चावत नाही; मग न भुंकणारं नरडीच धरत असणार! पोस्टमन फाटकाबाहेरूनच पत्रं फेकू लागला. उधारी मागणारे फोनवर बोलू लागले.

"काका, तिसऱ्यांदा परत नेलं तर ह्यो मरंल," सुनिता म्हणाली. "काहून असं करता?"

किसनरावांनी मान खाली घातली. "मला काय कळत न्हाई का? पण ताई, बॅनर लागलेत ना."

पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. सुनितानं खाटेखाली हात घातला, तर बोटांना मऊ लागलं. खाली जाड गोधडी अंथरलेली होती, वर चपटी उशीसुद्धा.

"काकू, ही गोधडी याच्यासाठी टाकली?"

किसनरावांच्या बायको सुमनबाई औक्षणाचं ताट घेऊन चालल्या होत्या. "न्हाई बाई, आधीचीच हाय. यानं पहिल्याच दिवशी बराबर हुडकली," म्हणाल्या आणि ओट्यावर गेल्या.

तेवढ्यात हलगी कडाडली. ओमप्रकाश शंभरभर पोरं घेऊन हजर झाला. हा किसनरावांचा सगळ्यात मोठा भक्त. बॅनरवरचा वाघ त्याच्याच डोक्यातून निघालेला. पोरांनी किसनरावांना ओट्यावर उभं केलं, फेटा बांधला, हार घातला. "कोण आला रे कोण आला, ढाण्या वाघ आला!" आणि कुणीतरी फाटकापासून ओट्यापर्यंत अंथरलेली फटाक्यांची लड पेटवली.

घर हादरलं. सुनितानं कानांवर हात ठेवले. आता या लेकराचं काळीज फुटणार, असं तिला वाटलं. इतक्यात दारातून कुणीतरी वाकून, धडपडत आत शिरलं आणि हारासकट खाटेखाली सरकलं. फेटा तेवढा बाहेर राहिला.

सुनिता वाकली. किसनराव गोधडीवर मुटकुळं करून पडले होते. कानांवर हात, डोळे गच्च मिटलेले. शेऱ्यानं भिंतीकडं सरकून त्यांना अर्धी गोधडी मोकळी करून दिली होती आणि त्यांच्या दंडावर हनुवटी टेकली होती. तो आता थरथरत नव्हता. ते काम दुसऱ्यानं घेतलं होतं.

लड संपली. धुरातून ओमप्रकाश दाराशी आला. उंबरा ओलांडायची त्याची छाती नव्हती. "ताई, भाऊ कुठं गेले?"

सुनितानं क्षणभर विचार केला. खोटं तिला कधी जमलं नाही.

"खाटेखाली. शेऱ्याजवळ."

ओमप्रकाशचे डोळे विस्फारले. मग तो बाहेर वळून ओरडला, "ऐकलं का रे! फटाक्यानं शेरा पिसाळला, तर भाऊनं त्याला एकल्यानं खाटेखाली दाबून धरलंय! याला म्हणतात काळीज!"

बाहेर जयजयकार उसळला. खाटेखालून किसनरावांचा बारीक आवाज आला. "ताई, रिक्षा रिकामीच घेऊन जा. ह्यो कुठं जात न्हाई."

सुनिताचे डोळे भरून आले. सुमनबाई आत आल्या. त्यांनी जमिनीवरचा फेटा उचलून खुंटीला लावला, वाकून खाटेखाली नजर टाकली, आणि त्यांना नवल वाटल्याचं काही दिसलं नाही.

"दर दिवाळीला एका माणसाला पुरायची," त्या म्हणाल्या. "आता गोधडी मोठी शिवावी लागंल."