गाळलेलं पान

मशीन सुरू होऊन तास झाला होता. धम्मदीपाच्या डाव्या हातात दोन सुया होत्या, आणि उजव्या हाताला पुस्तक पाच मिनिटंही पेलत नव्हतं. म्हणून तिचा नवरा प्रसेनजित वाचत होता. ती डोळे मिटून ऐकत होती.

आठवड्यातून दोनदा दोघं जवळच्या मालेगावहून सकाळच्या एसटीनं वाशिमला डायलिसिसला येत. चार तास ती पलंगावर, तो स्टुलावर. आधी तो मोबाईल पाहत बसायचा. महिन्याभरापासून ही कादंबरी होती. त्याच कादंबरीवरचा सिनेमा वाशिमला लागला होता. उद्या रविवारच्या दुपारच्या शोची दोन तिकिटं त्यानं काढली होती. धम्मदीपाची अट एकच होती, आधी पुस्तक संपलं पाहिजे.

"पिक्चरवाले आपल्या मनानं चेहरे देतेत," ती म्हणाली होती. "मले माह्या मनातले पाहू द्या आधी."

प्रसेनजित शाळेत गणित शिकवायचा. आभाळातल्या राज्याचा राजपुत्र, विणकराची पोरगी इरा आणि त्यांचं प्रेम, हे सगळं तो हजेरी घेतल्यासारखं वाचायचा. शेजारच्या पलंगावर मंगरूळपीरचे तय्यबभाई असायचे. ते मधूनच म्हणायचे, "मास्तर, जरा प्यार से पढो ना." आज तेही भिंतीकडे तोंड करून पडले होते. उकाडा होता, आणि कोणातच बोलायचं बळ नव्हतं.

कथेत इरा आजारी पडली होती. वैद्यानं सांगितलं होतं, हिला जगवायचं तर कोणाला तरी आपलं अर्धं आयुष्य द्यावं लागेल. समोरच्या डोंगरात एक तळं आहे. देणाऱ्यानं त्यात उतरायचं.

प्रसेनजितनं पान उलटलं. लगेच आणखी एक उलटलं.

"चौथ्या दिवशी इरानं डोळे उघडले," त्यानं पुढं वाचायला घेतलं.

"थांबा," धम्मदीपा म्हणाली. "मधलं काहून सोडलं?"

"नुसतं वर्णन होतं. डोंगर अन् तळं. तू थकली दिसली मले, म्हून..."

तिनं डोळे उघडले नाहीत. "पिक्चरात तर दाखवतीनच ना उद्या. तिथं कसं पलटवसान?"

चार महिन्यांपूर्वी नागपूरच्या डॉक्टरांनी प्रसेनजितला तपासण्यांची यादी दिली होती. रक्तगट जुळत होता. बाकीच्या तपासण्या झाल्या की त्याची किडनी तिला चालेल का, ते कळणार होतं. आधी वर्गातल्या मुलांच्या परीक्षा आल्या, मग मतदार याद्यांचं काम आलं, मग शाळेत वर्ग रंगवायचे निघाले. तो गेलाच नाही. तिनंही एकदा विचारलं नाही.

"मी तुमाले कधी काही मांगतलं काय?" ती म्हणाली.

"नाही."

"मंग वाचा."

त्यानं पानं मागं घेतली. त्याला वाटत होतं, आता राजपुत्र एका वाक्यात हो म्हणणार, आणि ते वाक्य आपल्याला हिच्यासमोर मोठ्यानं वाचावं लागणार. पण पुस्तकात तसं नव्हतं. राजपुत्र तळ्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. पाय पाण्यात घालायचा, काढून घ्यायचा. वैद्यानं विचारलं की म्हणायचा, आज पाणी फार गार आहे. असे त्यानं तीन दिवस काढले. घरात यायचा तेव्हा इराच्या पलंगाकडं न पाहता यायचा.

वाचता वाचता प्रसेनजितचा हजेरीचा सूर कधी गेला, त्याला कळलं नाही. एका एका ओळीवर तो थांबायला लागला.

"तिले सांगतलं काय त्यानं? भेव वाटते म्हून?" धम्मदीपानं विचारलं.

त्यानं खालच्या ओळी पाहिल्या. "नाही. एकटाच फिरून राह्यला."

"सांगाचं होतं." दम खाऊन ती पुढं म्हणाली, "तिले काय समजत नसंल? पडल्या पडल्या माणसाले सगळं दिसते."

प्रसेनजितनं पुस्तक मांडीवर पालथं घातलं. नळीतून तिचं रक्त मशीनमध्ये जात होतं आणि परत येत होतं. डायलिसिसच्या दहा महिन्यांत त्यानं त्या नळीकडं नीट पाहिलंच नव्हतं. आता तो तिकडंच पाहत होता.

"दीपा, मले लय भेव वाटते," तो म्हणाला. "ऑपरेशनचं. आपल्या पोरीचंबी मनात येते. दोघंबी पडून राह्यलो तर तिले कोन पाहील. अन् भेव वाटते हे तुले सांगाची लाज वाटे."

त्यानं कपाळावरचा घाम पुसला.

"मंगळवारी रजा टाकतो," तो म्हणाला. "तपासण्या तरी करून येतो. पुढचं पुढं पाहू."

आता तिनं डोळे उघडले. बराच वेळ ती त्याच्याकडं पाहत राहिली, जणू हा चेहरा तिला कोणी आत्ताच दाखवला होता.

"भेव मलेबी वाटते," ती म्हणाली. "तुमी नागपूरले जासान याचंच. म्हून तर कधी इचारलं नाही."